नागपूरचं रूपगान

आमच्या ले-आउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, गणेशोत्सवाची एक छोटी स्मरणिका निघते. तिच्या शेवटच्या पानावरचं शब्दकोडं गेली बावीस वर्षं बाबा करत आले. चौकटीचा कागद, टोक काढलेली पेन्सिल आणि खोडरबर घेऊन ते एप्रिलपासूनच बसायचे. यंदा त्यांनी तो कागद माझ्याकडे सरकवला. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली, वर्तमानपत्र वाचता येतं, पण चौकटीच्या बारीक रेघा एकमेकींत मिसळतात. म्हणाले, "शब्द मी सांगतो माय, घरं तू पाह्य."

मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. मे महिन्याची सुटी लागली होती. नागपुरात मानेवाड्याला त्या दिवसांत सकाळी अकरानंतर गच्चीच्या फरशीवर पाय ठेवता येत नाही. पारा ४५ च्या पुढे, कूलरची गवताची टट्टी दर तीन तासांनी कोरडी. घरात बसून करायचं काम मिळालं याचा मला आनंदच झाला. हातानं घरं आखण्याऐवजी शब्द एकमेकांत अडकवून देणारा प्रोग्रामच लिहायचा, असं मी ठरवलं, आणि तो रॅकेटमध्ये लिहायचा हेही.

रॅकेट ही प्रोग्राम लिहायची, लिस्पच्या घराण्यातली भाषा. मूळ लिस्प जॉन मॅकार्थी यांनी एमआयटीत १९५८ साली आकाराला आणली. १९७५ मध्ये गाय स्टील आणि जेराल्ड सस्मन यांनी तिच्यातून स्कीम काढली आणि स्कीमच्या एका शाखेनं २०१० मध्ये रॅकेट हे नाव घेतलं. मी तिच्याकडे वळले ते रिकर्शनमुळे, म्हणजे कामानं स्वतःलाच पुन्हा हाक मारण्याच्या रीतीमुळे. अकरावीच्या मुलांना गणिती विगमन शिकवताना जो विचार करावा लागतो, तोच इथे प्रोग्राम लिहिताना करावा लागतो: पहिली पायरी सांभाळा आणि एका पायरीवरून पुढच्या पायरीवर कसं जायचं ते सांगा. दुसरं कारण अगदी घरगुती आहे. रॅकेटमध्ये फंक्शनचं, म्हणजे एक ठरावीक काम करणाऱ्या प्रोग्रामच्या तुकड्याचं, नाव देवनागरीत ठेवता येतं. भाषेचे स्वतःचे शब्द रोमनमध्येच लिहावे लागतात, पण माझ्या फंक्शनांची नावं 'अक्षरे', 'चौकट', 'उलट' अशी होती, आणि बाबा मागे उभे राहून ती वाचू शकत होते. (इथे वाचायला सोपं जावं म्हणून मी भाषेचे शब्दही देवनागरीतच देते आहे.)

पहिला शब्द अर्थातच नागपूर. मी लिहिलं:

(लेंग्थ (स्ट्रिंग->लिस्ट "नागपूर"))

म्हणजे शब्दाचे सुटे तुकडे करून यादी कर आणि ती मोज. उत्तर आलं ६.

बाबांना मी विचारलं, नागपूरला किती घरं लागतील? त्यांनी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला. ना, ग, पू, र. "चार. त्यात काय विचारायचं?"

हा सगळा लेख त्या सहा आणि चारमधल्या फरकाबद्दल आहे.

रॅकेट ज्याला कॅरॅक्टर म्हणते, ती युनिकोडच्या, म्हणजे लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यातली एक नोंद असते. देवनागरीला त्या तक्त्यात १२८ जागांचा एक पट्टा दिलेला आहे. त्यात न ला २३४४ हा क्रमांक, नुसत्या कान्याला २३६६, ग ला २३२७, प ला २३४६, दीर्घ उकाराला २३७० आणि र ला २३५२. म्हणजे 'ना' हे एक अक्षर नाही, न आणि काना अशा दोन नोंदी आहेत. आपण शाळेत बाराखडी शिकतो तेव्हा का, कि, की ही सगळी स्वतंत्र अक्षरं म्हणून डोक्यात बसतात. संगणकाच्या तक्त्यात बाराखडी नाहीच. क आहे, आणि त्याला लावायची चिन्हं आहेत.

मग उलट दिशेचं काम: सुटी कॅरॅक्टरं जोडून स्ट्रिंग, म्हणजे सलग मजकूर, करायची. कॅरॅक्टर लिहिताना रॅकेटमध्ये आधी # आणि \ लिहितात आणि लगेच ते अक्षर. #\ग चाललं, #\र चाललं. #\ना लिहिलं तर रॅकेटनं ते घेतलं नाही, कारण तिच्या हिशेबानं ते एक कॅरॅक्टर नव्हतंच. आणि काना एकटा लिहायला गेले तेव्हा पडद्यावर तो मागच्या तिरप्या रेघेलाच चिकटून बसला. ओळ बरोबर होती, पण मला स्वतःलाच ती वाचता येईना. शेवटी चिन्हांना मी क्रमांकानं हाक मारायला लागले, (इंटिजर->कॅर २३६६) म्हणजे काना, आणि त्याला 'काना' असं नाव देऊन टाकलं. मग ओळ अशी झाली:

(लिस्ट->स्ट्रिंग (लिस्ट #\न काना #\ग #\प दीर्घ-उकार #\र))

आणि खाली "नागपूर" उमटलं. सहा सुटे तुकडे एका क्षणात चार अक्षरं होऊन उभे राहिले. हे बाबांना दाखवलं तेव्हा ते खुर्ची ओढून शेजारी बसले, ते जून उजाडेपर्यंत तिथेच.

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. ते जुळारी होते. महाल भागातल्या एका छापखान्यात त्यांनी पंचवीसेक वर्षं शिशाचे खिळे जुळवले. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, उजव्या हातानं केसच्या, म्हणजे खिळ्यांच्या पेटीच्या, खणातून खिळा उचलायचा आणि डावीकडून उजवीकडे लावत जायचं. खिळ्याचं तोंड आरशातल्यासारखं उलटं असल्यानं ओळ वाचायची तीही डोक्यावर उभी असलेली. लहानपणी मी डबा घेऊन जायची तेव्हा त्यांचा हात खणांवरून न बघता फिरताना पाहिला आहे. ऑफसेट छपाई आणि संगणकावरची जुळणी, म्हणजे डीटीपी, आल्यावर तो छापखाना मिटला. पण सुट्या तुकड्यांतून शब्द उभा करणं म्हणजे काय, हे आमच्या घरात माझ्याआधी त्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी एक फंक्शन लिहिलं. शब्दातली कॅरॅक्टरं एकेक करून बघायची, नको असलेली, म्हणजे चुकून आलेल्या जागा आणि स्वल्पविराम, गाळायची आणि उरलेल्यांची नवी स्ट्रिंग करायची. लिस्पमध्ये अशा वेळी हात आपसूक कॉन्सकडे जातो. कॉन्स नवी वस्तू यादीच्या तोंडाशी लावते, आणि तोंडाशी लावणं हे यादी कितीही लांब असली तरी एकाच टप्प्याचं काम आहे. शेवटाला लावायचं तर अख्खी यादी चालून जावी लागते. म्हणून रीत अशी, की तोंडाशी लावत जायचं आणि सगळ्यात शेवटी एकदा रिव्हर्स म्हणून यादी सरळ करून घ्यायची. ते शेवटचं रिव्हर्स मी लिहायला विसरले, आणि चाचणीसाठी नागपूर दिलं.

पडद्यावर आलं: रूपगान.

मी बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिले. मला वाटलं दुसरीकडचा कुठला शब्द मध्ये शिरला. मग बोटानं मोजलं: र, दीर्घ उकार, प, ग, काना, न. नागपूरचेच सहा तुकडे, शेवटाकडून सुरुवातीकडे. उकार र ला मिळाला, काना जो न चा होता तो ग च्या पाठीशी गेला, आणि एक धड, गोड, संस्कृत वळणाचा शब्द तयार झाला. बाबांना दाखवलं. त्यांनी भिंग आणलं, ओठांनी तो शब्द दोनदा म्हटला आणि म्हणाले, "आपल्या गावाच्या पोटात हे होतं अन् आपल्याले माहीतच नव्हतं."

अक्षरांनुसार नागपूर उलटं केलं तर 'रपूगना' येतं. त्याला काही अर्थ नाही. म्हणजे जे उलटणं आपल्या दृष्टीनं चुकीचं, त्यातून शब्द निघाला, आणि जे बरोबर त्यातून निघाला नाही. बाकीच्या शब्दांचं नशीब असं नव्हतं. विदर्भचं 'भ्रदिव' झालं. संत्रीचं तर तोंडच नाहीसं झालं: शेवटची दीर्घ वेलांटी सुरुवातीला आली, तिला धरायला व्यंजन नाही, म्हणून पडद्यानं तिच्याआधी टिंबांचं एक रिकामं वर्तुळ काढलं. ते वर्तुळ पाहून बाबा म्हणाले, छापखान्यात असं झालं असतं तर प्रूफ तपासणाऱ्यानं पान परत पाठवलं असतं.

मग मी शाळेतलं वाक्य दिलं: रामाला भाला मारा. उलटसुलट सारखंच, हे आपल्याकडे पोरांना पाठ असतं. माझ्या फंक्शननं जागा गाळून सांगितलं, सारखं नाही. बरोबरच होतं त्याचं. सात अक्षरांची चौदा कॅरॅक्टरं, उलटी केली की ओळ कान्यापासून सुरू होते. 'ती होडी जाडी होती' हेही तसंच नापास. ज्या यंत्राला ही दोन वाक्यं उलटसुलट सारखी दिसत नाहीत, त्याला मराठी शब्दकोडं करता येणार नाही, हे मला त्या दुपारी पक्कं कळलं. माझं एकक चुकलं होतं. सुट्या कॅरॅक्टरांची यादी नको, अक्षरांची यादी हवी, आणि प्रत्येक अक्षर म्हणजे एक छोटी स्ट्रिंग.

शोधताना एक जुनी गोष्ट सापडली, ती मला फार आवडली. मॅकलिस्प नावाच्या जुन्या लिस्पमध्ये एक्सप्लोड आणि इम्प्लोड अशी फंक्शनं होती: एक नावाला फोडून सुट्या अक्षरांची यादी करतं, दुसरं यादी सांधून नाव करतं. रॅकेटबरोबर विद्यार्थ्यांसाठी ज्या सोप्या भाषा येतात, त्यांत ही दोन्ही नावं अजून जिवंत आहेत, फक्त तिथे ती स्ट्रिंगवर चालतात. त्यांतलं एक्सप्लोड यादीत कॅरॅक्टर देत नाही, एकेका कॅरॅक्टरची स्ट्रिंग देतं. कल्पना मला हवी होती तीच, फक्त फोडायची जागा वेगळी.

माझं 'अक्षरे' फंक्शन असं झालं: दोन याद्या हातात ठेवायच्या. एक चालू अक्षराची, एक पूर्ण झालेल्या अक्षरांची. नवं कॅरॅक्टर आलं की ठरवायचं, ते चालू अक्षराला लावायचं की चालू अक्षर मिटवून नवं सुरू करायचं. रॅकेट प्रत्येक कॅरॅक्टरचा युनिकोडमधला वर्ग सांगते. मी पाहिलं की चिन्हांचा वर्ग 'एमएन' येतो, तेव्हा नियम केला: एमएन असेल तर चालू अक्षराला लाव. नागपूर दिलं. उत्तर पाच. न, काना, ग, पू, र. उकार चिकटला होता, काना सुटा राहिला होता. कारण युनिकोडनं मराठीची चिन्हं दोन वर्गांत वाटली आहेत. उकार, एक मात्रा, अनुस्वार, हलन्त ही जागा न अडवणारी म्हणून एमएन. काना, दोन्ही वेलांट्या, ओ आणि औ यांची चिन्हं, विसर्ग ही शेजारी स्वतःची जागा घेतात म्हणून 'एमसी'. दोन्ही वर्ग घेतल्यावर नागपूर चारवर आलं.

संत्री मात्र अजून तीनवर होती. सं, मग हलन्तासकट त्, मग री. मी बाबांना म्हटलं, चिन्ह तर मी त ला लावलं, मग पुन्हा फुटतंय कुठे? त्यांनी हात हवेत असा धरला जसा स्टिकवर धरतात. "अर्धा खिळा कधी एकटा उभा राहते का? तो पुढच्याले टेकून राहते. तू त्याले मागच्याचा समजून राहिली."

नियमाचं दुसरं कलम एवढंच होतं. मागचं कॅरॅक्टर हलन्त असेल आणि येणारं व्यंजन असेल, तर अक्षर मिटवायचं नाही. संत्री दोन घरांत बसली. क्षत्रिय तीन घरांत, रामटेक चार, अंबाझरी चार, दीक्षाभूमी चार. बाबा शब्द सांगत होते, मी टाकत होते, आणि प्रत्येक वेळी ते पेरांवर आधी मोजून ठेवायचे. 'अर्थात्' हा शब्द त्यांनी मुद्दाम दिला. शेवटी हलन्त, पुढे काहीच नाही. अ, र्था, त्. तीन. त्यांनी मान डोलावली.

रॅकेटमध्ये असे अक्षरगट मोजणारं तयार फंक्शनही आहे, हे मला नंतर दिसलं. ते मी वापरलं नाही. हलन्तानं जोडलेलं जोडाक्षर एकसंध ठेवायचा नियम युनिकोडच्या सर्वसाधारण अक्षरगटांत १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये आला. माझ्या लॅपटॉपवरची रॅकेट त्याआधीची, तिथे क्ष मधले क् आणि ष वेगळेच मोजले जात होते.

आता अक्षरांपासून परत शब्द. लिस्ट->स्ट्रिंग इथे चालत नाही, कारण तिला यादीत कॅरॅक्टरंच हवीत आणि माझ्याकडे छोट्या स्ट्रिंगा होत्या. (अप्लाय स्ट्रिंग-अपेंड यादी) असं लिहिलं की सगळ्या एका फटक्यात सांधल्या जातात. एक फटका हे महत्त्वाचं. सुरुवातीला मी दर अक्षरागणिक स्ट्रिंग-अपेंड करत होते: आतापर्यंतची ओळ अधिक एक अक्षर, पुन्हा ती ओळ अधिक एक. स्ट्रिंगची लांबी एकदा ठरली की बदलत नाही, त्यामुळे दर वेळी मागची अख्खी ओळ नव्या जागी उतरवून काढावी लागते. एकेक करून १०,००० कॅरॅक्टरं जोडली तर उतरवण्याची बेरीज सुमारे ५ कोटी होते, १ पासून सलग संख्यांच्या बेरजेचं सूत्र लावून बघा. बाबांना हे असं सांगितलं: एक खिळा लावायचा, मग ती ओळ दुसऱ्या स्टिकमध्ये पहिल्यापासून जुळवायची, मग पुढचा खिळा. ते म्हणाले, असा माणूस मालकानं दुपारपर्यंतही ठेवला नसता. लांब मजकुरासाठी त्याहून सरळ वाट म्हणजे ओपन-आउटपुट-स्ट्रिंग. त्यात एखाद्या फाइलीत लिहावं तसं लिहीत जायचं आणि शेवटी गेट-आउटपुट-स्ट्रिंगनं सगळं काढून घ्यायचं. कोड्याच्या सूचनांचा अख्खा मजकूर मी तसाच जुळवला.

तुम्ही घराण्यातली दुसरी भाषा वापरत असाल तर नावं बदलतील. कॉमन लिस्पमध्ये यादीची स्ट्रिंग करायला कोअर्स आहे, क्लोजरमध्ये (अप्लाय स्ट्र ...). इमॅक्स लिस्पमध्ये कॅरॅक्टर म्हणजे नुसता पूर्णांक, (स्ट्रिंग २३४४ २३६६) दिलं की 'ना' हातात. पण काना आणि न वेगळे असणं सगळीकडे तेच आहे. तो प्रश्न भाषेचा नाही, लिपी तक्त्यात कशी मांडली त्याचा आहे.

शेवटची अडचण शेजाऱ्यांच्या शब्दांतून आली. ले-आउटमधल्या लोकांनी मोबाइलवरून शब्द पाठवले होते. 'पायऱ्या' हा शब्द दोघांनी पाठवला आणि माझा प्रोग्राम तो दोनदा घ्यायला निघाला. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे, आणि दोन स्ट्रिंगा सारख्या आहेत का ते सांगणारं स्ट्रिंग=? म्हणत होतं, नाही. फोडून पाहिलं तर एकात सात कॅरॅक्टरं, दुसऱ्यात आठ. हा आपला खास मराठी अर्धा र. एका कीबोर्डवर तो खाली टिंब असलेल्या ऱ पासून होतो, तक्त्यातला २३५३. दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि त्यापुढे ८२०५ क्रमांकाचं एक अदृश्य जोडचिन्ह. ते अदृश्य चिन्ह माझ्या दोन्ही वर्गांत नव्हतं, त्यामुळे तिथे अक्षरही फुटत होतं. फोडण्याआधी दुसऱ्या रूपाचं पहिलं करून घेणारी एक ओळ घातली आणि 'पायऱ्या' तीन घरांची झाली. तिसरं रूपही संभवतं, र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब, वेगळा, पण ते रॅकेटचं स्ट्रिंग-नॉर्मलाइझ-एनएफसी हे फंक्शन आपोआप एकत्र आणतं. यावर माझा जवळजवळ एक आठवडा गेला, आणि तो गेला याचं मला वाईट वाटत नाही. मराठीत मजकूर शोधणारे, मोजणारे, लावणारे जितके प्रोग्राम लिहिले जातील, त्या प्रत्येकाला ही पायरी चढावीच लागणार. 'दुसऱ्या' आणि 'वाऱ्यावर' शोधूनही सापडत नाहीत तेव्हा आपण हताश होतो, त्यामागे कित्येकदा हेच असतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात चौकट भरायला लागली. बाबांची एकच अट होती: नागपूर आणि रूपगान दोन्ही शब्द कोड्यात हवेत, आणि एकमेकांना छेदून हवेत. मी दोन्ही नावं दिली. प्रोग्राम म्हणाला, छेद शक्य नाही. मी नियम पुन्हा तपासले, एकेक अक्षर छापून पाहिलं. ना, ग, पू, र. रू, प, गा, न. एकही अक्षर सारखं नाही. सहाच्या सहा कॅरॅक्टरं तीच, आणि चारांतलं एकही अक्षर तेच नाही.

बाबांना हे सांगितल्यावर ते काही बोलले नाहीत. कूलरमध्ये पाणी घालायला उठले, नळी लावून परत आले आणि डोळे मिटून बसले. त्यांची बोटं मांडीवर हलत होती.

"रूपगान वर आडवं ठेव. नागपूर त्याच्या खाली, एक ओळ सोडून. दोघांचीही शेवटची घरं एकाखाली एक आन."

मी ठेवलं. वर न आला, खाली र.

"आता मधात एकच घर रिकामं हाये नं? तिथे ग टाक."

मी ग टाकला आणि उभा शब्द वाचला. नगर.